मुलांनी मित्रांपुढे 'नाही' म्हणावं म्हणून घरी आणि शब्बाथशाळेत काय शिकवता?

सुमनांजली

नमस्कार मंडळी.

नगरला आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) मी शब्बाथशाळेचा, म्हणजे रविवारी मुलांना बायबल शिकवतात त्या शाळेचा, मोठा वर्ग घेते, सातवी ते दहावीची मुलं-मुली. घरात माझा स्वतःचा मुलगा आठवीत आहे. त्यामुळे हा विषय रविवारपुरता राहत नाही.

माझ्या वर्गाला बायबलमधलं १ करिंथ १५:३३ तोंडपाठ आहे. 'फसू नका, कुसंगतीने नीती बिघडते.' झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. पण क्लास सुटल्यावर जिन्यात कोणी व्हेप (ई-सिगारेट) पुढे करतो, किंवा वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एखाद्या मुलीचा फोटो चिडवायला टाकला जातो आणि खाली हसण्याच्या इमोजींची रांग लागते, तेव्हा काय होतं हे मी मुलांनाच विचारलं. वचन आठवतं, म्हणाली. तोंड उघडत नाही. सगळे आपल्याकडे बघतायत, तिथेच सगळं अडतं.

म्हणून मला वाटतं की काय करू नये हे आपण भरपूर शिकवतो. ते चारचौघांत कसं करायचं नाही, हे शिकवायचं राहून जातं. आणि पवित्र शास्त्रात तर तेच बारकाईने दाखवलं आहे.

दानीएलाचा पहिला अध्याय घ्या, बाबेलच्या राजाने कैद करून नेलेल्या यहुदी तरुणांचा. आपण तो 'एकट्या शूर मुलाची गोष्ट' म्हणून सांगतो. तो एकटा नव्हता! हनन्या, मीशाएल आणि अजऱ्या बरोबर होते. दुसरं म्हणजे, या चौघांनी बाबेलमध्ये प्रत्येक गोष्टीला नकार दिलेला नाही. खास्द्यांची (बाबेलच्या लोकांची) भाषा शिकले, त्यांची विद्या शिकले, तीन वर्षांचं शिक्षण घेतलं, बदललेली नावंसुद्धा चालवून घेतली. राजाच्या ताटातलं अन्न आणि द्राक्षारस, एवढ्या एका जागी पाय रोवला. तोही आरडाओरडा करून नाही. या मुलांची जबाबदारी असलेल्या खोजांच्या सरदाराला, मुलं रोड दिसली तर राजा आपलं डोकं उडवेल अशी भीती होती, हे दानीएलाने समजून घेतलं आणि कारभाऱ्याला तोडगा सुचवला: दहा दिवस आम्हाला शाकभाजी आणि पाणी देऊन बघा, मग तुम्हीच ठरवा.

जागा आधी ठरलेली, सोबत कोणीतरी, आणि समोरच्याचा अपमान न करता दिलेला नकार. मुलाला हे तीन धागे हातात देता आले तर त्याचं तोंड उघडेल असा माझा विश्वास आहे. नुसत्या 'वाईट संगत सोड' ने नाही.

तुम्ही काय करता? कुठल्याही पंथाचे असा, लिहा. ख्रिस्ती नसलेल्यांनीही लिहा, दबाव सगळ्यांच्याच मुलांवर आहे.

बावखल

सुमनताई, चांगला विषय काढलात. आम्ही वसईचे, कॅथलिक. आमच्याकडे दृढीकरणाच्या (कन्फर्मेशनच्या) वर्गात पवित्र आत्म्याची सात दानं शिकवतात, त्यातलं एक धैर्य. मुलं सातही दानं घडाघडा म्हणतात. धैर्य म्हणजे काय असं विचारलं की बहुतेकांना रक्तसाक्षी, म्हणजे विश्वासासाठी जीव दिलेले लोक आठवतात, सिंह आठवतात, आग आठवते. शुक्रवारी संध्याकाळी टर्फवर 'एक घोट घे रे' म्हणणारा मित्र कोणाला आठवत नाही.

पण मला त्याआधी एक बोलायचं आहे, आणि ते आपल्या मोठ्यांबद्दल आहे. आमच्या लग्नांत बघा. एखादा पाहुणा 'मी घेत नाही' म्हणाला की त्याला किती जण आग्रह करतात! 'आज तरी', 'माझ्या पोराच्या लग्नात तरी', 'एवढा काय साधू झालास'. त्याच्या हातात ग्लास कोंबेपर्यंत सोडत नाहीत. आणि हे सगळं कोपऱ्यात उभी असलेली बारा-तेरा वर्षांची पोरं बघत असतात. नकार देणाऱ्या माणसाशी समाज कसा वागतो, हा धडा त्यांना तिथे मिळतो. मग दृढीकरणाच्या वर्गाने काय करावं?

आमच्या घरात आम्ही ठरवलं, आपल्या कार्याला कोणी नको म्हटलं तर दुसऱ्यांदा विचारायचं नाही. माझ्या वडिलांना हे पटायला वेळ लागला, 'आग्रह केला नाही तर पाहुण्याला वाईट वाटतं' हे त्यांचं म्हणणं. आता तेच इतरांना थांबवतात.

डोंगरावरचे_नगर

सुमनताई, बावखल, दोघांचंही वाचलं. मी वयाने तुमच्यापेक्षा बराच मोठा असेन, म्हणून स्पष्ट लिहितो. तुम्ही फार गुंतागुंत करताय. आमच्या लहानपणी वडील एवढंच म्हणत, देव बघतो आहे. तेवढं पुरत असे. स्तोत्रसंहितेची सुरुवातच बघा: दुर्जनांच्या मसलतीने न चालणारा, पापी जनांच्या मार्गात उभा न राहणारा, निंदकांच्या बैठकीत न बसणारा मनुष्य धन्य. चालणं, उभं राहणं, बसणं. एकदा त्या वाटेने चालू लागला की माणूस बसेपर्यंत थांबत नाही. म्हणून संगतच तोडावी. तोडगे कसले सुचवायचे?

सुमनांजली

काका, चालणं-उभं राहणं-बसणं ही पायरी तुम्ही छान दाखवलीत, वर्गात नक्की घेईन. संगत तोडायची वेळ येते हेही खरं. मालकाच्या बायकोने गळ घातली तेव्हा योसेफ पोटीफरच्या घरातून अंगावरचं वस्त्र मागे टाकून पळाला, तिथे त्याने चर्चा केली नाही.

पण मुलगा वर्ग तोडू शकत नाही, काका. त्याच बाकावर त्याला दहावीपर्यंत बसायचं आहे. आणि 'देव बघतो आहे' हे मुलाला पोलिसाच्या कॅमेऱ्यासारखं ऐकू आलं तर तो फक्त लपायला शिकतो. तोच देव त्या जिन्यात आपल्या बाजूने उभा आहे असं त्याला वाटलं पाहिजे. वाक्य तेच, ते कोणत्या आवाजात सांगितलं यावर सगळं आहे.

अनघा_समुपदेशन

मी ख्रिस्ती नाही. शाळेत समुपदेशक आहे, आणि दानीएलाबरोबर तिघे होते हे वाचून थबकले. कारण मानसशास्त्रात यावरच एक गाजलेला प्रयोग आहे.

सॉलोमन ॲश यांनी १९५० च्या दशकात अमेरिकेत केला. एका खोलीत सात-आठ जण. एक रेघ दाखवायची आणि शेजारच्या तीन रेघांतली तेवढ्याच लांबीची कोणती ते विचारायचं. उत्तर लहान मूलही सांगेल असं. गंमत अशी की खोलीतला एकच जण खरा, बाकीचे सगळे आधी ठरवून चुकीचं उत्तर देणारे. डोळ्यांना धडधडीत दिसत असूनही लोकांनी साधारण एक तृतीयांश वेळा बाकीच्यांसारखं चुकीचं उत्तर दिलं. चारांतल्या तिघांनी निदान एकदा तरी मान तुकवली. आणि ही कॉलेजातली तरुण मुलं होती, शाळकरी नव्हेत.

मग त्यांनी त्या ठरवून चुकणाऱ्यांत एकच माणूस असा बसवला की जो बरोबर उत्तर देईल. फक्त एक. चुकीच्या उत्तरांचं प्रमाण सुमारे ५ टक्क्यांवर आलं!

म्हणून मी पालकांना सांगते, मुलाला हजार माणसांविरुद्ध उभं राहायला शिकवण्याआधी त्याला एक मित्र मिळवून द्या. तुमच्याकडे चर्चचे गट असतात, रविवारी मुलं भेटतात. हे आमच्या अनेक पालकांकडे नसतं. पण ती मुलं रविवारी भेटून सोमवारी वेगवेगळ्या शाळांत जातात ना? तर त्यांच्यात आठवडाभर बोलणं राहील असं बघा.

काकांसाठी अजून एक. २००५ मध्ये गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी मुलांना गाडी चालवायचा संगणकी खेळ दिला. पिवळा दिवा लागला की थांबायचं की दामटायचं. १३ ते १६ वयाची मुलं एकटी असताना जेवढा धोका पत्करत, मित्र बघत असताना त्याच्या जवळपास दुप्पट. मोठ्या माणसांत मित्रांमुळे काही फरक पडला नाही. म्हणजे हे वयच असं आहे. मूल वाईट आहे म्हणून ते वाकतं असं नाही, हे आधी पालकांना कळायला हवं.

डोंगरावरचे_नगर

अनघाताई, माहितीबद्दल आभार. एक बरोबर उत्तर देणारा बसवला की एवढा फरक पडतो हे मला माहीत नव्हतं. बायबलमधल्या उपदेशकाच्या पुस्तकात चौथ्या अध्यायात आहेच, एकट्यापेक्षा दोघे बरे. एक पडला तर दुसरा त्याला उठवतो. हे वचन मी लग्नातच ऐकत आलो. शाळकरी मुलांनाही सांगायला हवं.

वसतिगृह_क्र_२

मी १९ वर्षांचा, पुण्यात शिकतो, मूळचा नगर जिल्ह्यातला. सगळे पालक बोलतायत म्हणून मुलांच्या बाजूने लिहितो.

मला सगळ्यात उपयोगी पडली ती वडिलांशी ठरलेली एक खूण. दहावीनंतर बाहेर पडलो तेव्हा ते म्हणाले, कुठेही असशील आणि निघावंसं वाटलं तर मला 'आजीची तब्येत कशी आहे' असा मेसेज टाक. मी लगेच फोन करून तुला घरी बोलावीन. काय झालं ते त्या रात्री विचारणार नाही. ते शेवटचं वाक्य महत्त्वाचं. काय झालं हे सांगावं लागेल या भीतीनेच आम्ही निघत नाही.

एका वाढदिवसाला मी खरंच वापरलं. केक झाला, मग खोलीचं दार लावून घेतलं गेलं आणि पुढे जे निघालं त्यात मला राहायचं नव्हतं. मेसेज टाकला, फोन आला, निघालो. दुसऱ्या दिवशी कोणी चिडवलं नाही. उलट एकाने हळूच विचारलं, तुला फोन आला तसा मला पण करशील का पुढच्या वेळी.

बाकी, सुमनताई, हेरोद राजाची गोष्ट घ्या वर्गात. मार्क ६. तीही वाढदिवसाचीच पार्टी होती.

पाकोळी

वसतिगृह, तुझ्या वडिलांना सलाम. पण मला एक खटकतंय. आजीची तब्येत चांगली असताना तसा मेसेज आणि तसा फोन म्हणजे खोटंच ना? आपण मुलांना विश्वासाने वागायला शिकवतोय आणि सुटायचा रस्ता खोटेपणाचा देतोय. मी टीका करत नाही, मनापासून विचारते.

बावखल

पाकोळी, यरीहोतली राहाब इस्राएलच्या हेरांचा जीव वाचवायला त्यांना लपवून खोटं बोलली, तरी इब्री लोकांस पत्रात विश्वासाच्या माणसांत तिचं नाव आहे. मी पोराला आधी सुटू देईन.

सुमनांजली

मला पाकोळीचं पटतं, आणि तिढा सुटण्यासारखा आहे. आजीला मध्ये आणायची गरज नाही. नुसता एक पूर्णविराम पाठवायचा. बाबांनी फोन करून म्हणायचं, 'मी तुला न्यायला निघालोय, आवर.' आणि खरोखर निघायचं. मुलगा मित्रांना सांगेल, 'बाबा न्यायला येतायत.' यात एकही शब्द खोटा नाही. मोठं माणूस उठून जाणार, पेट्रोल जाळणार, झोपमोड करणार. त्याची तयारी हवी, एवढंच.

हेरोदाचं तर अगदी नेमकं. मला तो भाग मुलांसमोर वाचताना नेहमी वाईट वाटतं. बाप्तिस्मा करणारा योहान तुरुंगात होता. तो नीतिमान आहे हे राजाला ठाऊक होतं, त्याचं बोलणं तो आवडीने ऐकायचा. पार्टीत नाचलेल्या मुलीने योहानाच्या शिरच्छेदाची मागणी केली तेव्हा फार खिन्न झाला, असं शास्त्र स्पष्ट म्हणतं. तरी हुकूम दिला. का? 'मागशील ते देईन' अशी तिला शपथ वाहिली होती म्हणून आणि पंक्तीला बसलेल्यांमुळे. हातात सगळी सत्ता असलेला माणूस जेवायला आलेल्या पाहुण्यांना घाबरला. मुलांना मी विचारते, त्या पंक्तीतल्या एकाने जरी 'महाराज, राहू द्या' म्हटलं असतं तर? अनघाताईंचा तो एक बरोबर उत्तर देणारा माणूस तिथे नव्हता.

रेणूची_आई

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. पुण्यात सोसायटीत आमचं एकच ख्रिस्ती घर. गणपतीत मुलीच्या मैत्रिणी आरतीला बोलावतात, प्रसाद देतात. चर्चमधल्या एका बाईंनी तिला सांगितलं की प्रसाद घेणं म्हणजे दबावाला बळी पडणं. तेव्हापासून ती मैत्रिणींकडे जायलाच घाबरते. हा दबाव मानायचा का?

डोंगरावरचे_नगर

पौलाने १ करिंथ ८ आणि १० मध्ये यावर, म्हणजे मूर्तींना वाहिलेल्या अन्नावर, सविस्तर लिहिलं आहे. आपल्या मंडळ्यांमध्ये यावर एकमत नाही, हे मान्य करून सांगतो. आमच्या घरात आम्ही प्रसाद घेत नाही. पण नमस्कार करून, हसून, 'आमच्यात घेत नाहीत, काकू' एवढं म्हणतो आणि शेजारणीने दिलेला बाकीचा फराळ आनंदाने खातो. नाताळात आमचा केक आणि करंज्या सगळ्या चाळीत जात असत. त्यावरून कधी कोणाचं बिनसलं नाही. मुलीला घरात कोंडू नका.

बावखल

काका, आमच्याकडे अनेक घरं घेतात आणि त्यात काही बिघडतं असं मानत नाहीत. पण तुमच्या शेवटच्या वाक्याला माझा पूर्ण पाठिंबा.

सुमनांजली

रेणूची आई, मैत्रिणी प्रेमाने बोलावतायत. एखाद्या मुलीला छळायला सामील हो, कॉपी पुरव, अमक्याच्या जातीवरून हस, असं कोणी तिला म्हणत नाहीये. मी वर दानीएलाचं लिहिलं ते याचसाठी. भाषा, विद्या, नावं यांवर तो भांडला नाही. प्रसादाचं तुम्ही घरात बसून, तिच्याशी बोलून ठरवा. काकांचं उत्तर आणि बावखल यांचं उत्तर दोन्ही प्रामाणिक आहेत. पण प्रत्येक गोष्टीला नाही म्हणायला लावलेलं मूल खरी वेळ येते तेव्हा दमलेलं असतं. आणि मैत्रिणी तुटलेल्या असतात, म्हणजे सोबत उभं राहायलाही कोणी नाही.

अबोली_१२

मी कमी लिहिते, पण एक मुद्दा अजून आला नाही. दबाव मंडळीतही असतो.

मी शाळेत असताना सुट्टीतल्या शिबिरात शेवटच्या रात्री सगळ्यांना डोळे मिटायला सांगत. ज्यांना प्रभूला जीवन द्यायचं आहे त्यांनी हात वर करा. मैत्रिणीचा हात वर गेल्याचं कपड्यांच्या आवाजावरून कळायचं. मग माझाही जायचा. दर वर्षी. त्यात विश्वास किती होता आणि बाकीच्यांचा हात वर आहे म्हणून किती, हे मला आजही सांगता येणार नाही. गाणी म्हणताना रडू आलं नाही तर आपल्यातच काहीतरी कमी आहे असं वाटायचं.

पुढाऱ्यांचा हेतू चांगला होता, त्याबद्दल शंका नाही. पण गटाबरोबर वाहून जायची सवय आपणच लावली तर कॉलेजात ती सवय दुसऱ्या गटाबरोबर वाहून नेते. माझ्या बाबतीत काही वर्षं तसंच झालं. चर्चमध्ये परत आले ते एकटीने, कोणी हात वर करायला न सांगता.

डोंगरावरचे_नगर

अबोली, बाळा, हे लिहिलंस ते बरं केलंस. आपल्या नगरचंच उदाहरण आहे. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्या मागोमाग गेल्या नाहीत. कित्येक वर्षं आपल्या जुन्या आचाराला धरून राहिल्या, आणि नवऱ्याने घाई केली नाही. सोवळंओवळं माणसाने केलेलं आहे हे त्यांना स्वतःच्या विचाराने उमगलं, मग पुढचं पाऊल त्यांनी आपल्या पायाने टाकलं. असा विश्वास मग कोणाच्या चिडवण्याने हलत नाही. शिबिरं घेणाऱ्यांनी मुलांना तेवढा वेळ द्यावा.

वसतिगृह_क्र_२

अबोलीताईंना +१. आणि अजून एक, जे पालक विसरतात. कधीतरी आम्ही 'हो' म्हणतोच. मग काय? त्या दिवसानंतर घरी आणि चर्चमध्ये तोंड दाखवायला नको वाटतं. माझा एक मित्र असाच तुटला. एकदा चुकला, कोणीतरी मंडळीत बोललं, पुन्हा आलाच नाही.

सुमनांजली

अगदी खरं आहे. म्हणूनच मी दानीएलानंतर लगेच येशूचा शिष्य पेत्र घेते, मध्ये खंड पडू देत नाही. येशूला धरायला लोक आले तेव्हा, काही तासांपूर्वी, ज्याने बागेत तलवार उपसली होती, तो महायाजकाच्या अंगणात शेकोटीजवळ उभा असताना एका दासीच्या प्रश्नाला घाबरला. शिपाईही नव्हे, द्वारपाळ मुलगी. थंडी होती, सगळे शेकत होते, त्याला त्यांच्यात उभं राहायचं होतं. 'मी त्याला ओळखत नाही.' तीनदा.

आणि योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात पुन्हा कोळशाचा विस्तव आहे, या वेळी किनाऱ्यावर. त्यावर मासळी आणि भाकर. येशू आधी न्याहारी देतो. मग तीनदा विचारतो, 'माझ्यावर प्रीती करतोस काय?' आणि काम सोपवतो: माझी मेंढरं पाळ. चारचौघांत त्याचा पंचनामा केला नाही. आधी जेवण! माझ्या मुलाला मी सांगून ठेवलंय, कितीही मोठा घोटाळा करून आलास तरी आधी ताट वाढलेलं असेल. नंतर बोलू. आणि बोलूच, ते टळणार नाही, कारण पेत्राचंही टळलं नाही.

बावखल

आमच्याकडे पापनिवेदन (धर्मगुरूंपुढे चूक कबूल करून क्षमा मागणं) आहे त्याचा हाच अर्थ मुलांना सांगायला हवा. मुलं त्याला शिक्षेची खोली समजतात.

अनघा_समुपदेशन

सुमनताई, पालकसभेत 'आधी ताट' हे तुमचं वाक्य वापरलं तर चालेल का?

आणि एक व्यवहाराची गोष्ट. व्हेपबद्दल अनेक पालकांना वाटतं की ते सिगारेटपेक्षा साधं, दुकानात मिळणारं काहीतरी. २०१९ च्या कायद्याने आपल्या देशात ई-सिगारेट बनवायला, विकायला, आयात करायला बंदी आहे. मुलाच्या हातात आली म्हणजे कोणीतरी चोरून विकतो आहे. सापडली तर मुलाला फोडून काढण्याआधी ती कुठून आली ते शांतपणे विचारा. एकट्या तुमच्या मुलाचा प्रश्न क्वचितच असतो, त्यामुळे शाळेलाही कळवा.

सुमनांजली

जरूर वापरा अनघाताई.

येत्या रविवारी मी १ राजे १२ घेणार आहे, शलमोनाचा मुलगा रहबाम राजाची गोष्ट. वडीलधाऱ्यांनी सांगितलं, लोकांशी गोड बोल. बरोबर वाढलेल्या मित्रांनी सांगितलं, दरडाव, म्हणावं माझी करंगळी माझ्या बापाच्या कमरेहून जाड आहे. त्याने मित्रांचं ऐकलं आणि दहा वंश हातचे गेले. तो तेव्हा ४१ वर्षांचा होता हे ऐकल्यावर मुलं चकित होतात. मी वर्गाचे दोन भाग करून दोन्ही सल्ले अभिनयाने द्यायला लावणार आहे. मग विचारणार, राज्य फुटल्यावर रथात बसून यरुशलेमेला कोणाला पळावं लागलं? सल्ला देणाऱ्या मित्रांचं पुढे काय झालं याची शास्त्रात एक ओळही नाही.

पहिली-दुसरीच्या मुलांना काय सांगता येईल? आमच्या छोट्या वर्गाच्या शिक्षिका विचारत होत्या.

पाकोळी

मी छोटा वर्ग घेते. निर्गम ३२ सांगा, सोन्याचं वासरू. मोशे डोंगरावर असताना 'आम्हाला देव करून दे' म्हणून लोकांनी त्याचा भाऊ अहरोन याला घेराव घातला आणि त्याने त्यांचं ऐकलं, इथपर्यंत सरळ. मग मोशे जाब विचारतो तेव्हा अहरोन काय म्हणतो ते हावभाव करून सांगा: त्यांनी मला सोनं दिलं, मी ते विस्तवात टाकलं आणि हे वासरू बाहेर आलं! मुलं खळखळून हसतात. 'आपोआप?' म्हणून विचारतात. तेव्हा आपण विचारायचं, तुमच्या घरी कधी काही आपोआप झालंय का? मग एकेकाचं निघायला लागतं: भिंतीवर रेघोट्या, शेजारच्या काकांच्या गाडीवर ओरखडा, 'त्याने सांगितलं म्हणून मी केलं'. कोणाला रागवायचं नाही, ऐकून घ्यायचं. अर्धा तास सहज जातो, म्हणून चित्र रंगवायला तिथे वेळ ठेवू नका, घरी द्या.